सावलीसाठी झाड लावताय? मग निदान या चुका टाळा

एप्रिलच्या शेवटी दुपारी तीन वाजता नाशिकमधल्या द्वारकेच्या सिग्नलला दुचाकीवर थांबलं की खालून डांबराची धग आणि वरून ऊन, दोन्ही एकदम लागतात. तिथून गंगापूर रोडला जिथं जुने वड अजून उभे आहेत तिथं आलं, की अंगावरची आग लगेच कमी होते. यात चमत्कार काही नाही. भर उन्हातल्या डांबर-काँक्रीटपेक्षा सावलीतला पृष्ठभाग 11 ते 25 अंशांनी थंड राहू शकतो. शिवाय पानांतून सतत पाणी बाहेर पडत असतं, त्यानं आसपासची हवा निवते.

गेली सोळा वर्षं मी इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्याच्या बाजूला झाडं लावते आहे. लावणारे हात दरवर्षी वाढताहेत, हे फार चांगलं आहे. पण त्याच त्या चुकांनी रोपं मरताना बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

पाच जूनचा हट्ट

जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला असतो, आपला पाऊस त्या दिवशी येईलच असं नाही. रोपवाटिकेच्या जाळीखाली वाढलेलं कोवळं रोप तापलेल्या मुरमात लावायचं, फोटो काढायचा आणि आठ दिवस ढगांकडे बघत बसायचं, हे मला पटत नाही. खड्डे मात्र उन्हाळ्यातच घ्या, तापू द्या. रोप मी आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे जूनच्या शेवटाकडे, दोन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर ओली झाल्यावरच लावते. पुनर्वसू-पुष्यापर्यंत लावलेल्या रोपाला मूळ धरायला पावसाळ्याचे दोन-अडीच महिने तरी मिळतात.

पिशवीतली मुळं तशीच पुरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती सात-आठ वर्षं दिसतच नाही.

शेजारच्या एका कॉलनीत रस्त्याकडेला करंजाची रांग होती. झाडं ठेकेदारानं लावलेली, वरून हिरवीगार. मेमध्ये वळवाचा वारा सुटला आणि त्यातलं एक आठ वर्षांचं झाड मुळासकट आडवं झालं. खाली रिक्षा उभी होती, सुदैवानं आत कोणी नव्हतं. सकाळी मी गेले तेव्हा लोक म्हणत होते, "करंज कच्चंच झाड, लावायलाच नको होतं." मी वाकून बुंधा बघितला. एवढ्या मोठ्या झाडाखालचा मुळांचा गड्डा जेमतेम बादलीएवढा होता आणि त्याला काळ्या प्लॅस्टिकच्या चिंध्या चिकटलेल्या होत्या. अंगठ्याएवढं जाड एक मूळ बुंध्याभोवती दोन वेढे घेऊन सालीत रुतलं होतं. त्या झाडानं आठ वर्षं स्वतःचाच गळा आवळला होता. बाहेरच्या मातीत गेलेली मुळं मी हातानं मोजली, चार भरली. करंजाचा दोष शून्य. दोष त्या माणसाचा, ज्यानं पिशवी फाडायला लागणारं अर्धं मिनिट वाचवलं.

माझं माहेर निफाडकडचं, घरी द्राक्षबाग. तिथून आणलेली सिकेटर कात्री मी लागवडीला कायम सोबत ठेवते. पिशवी दोन्ही बाजूंनी उभी कापून पूर्ण काढते, खिशात घालते आणि घरी आणते. मग गड्ड्याच्या तळाशी गोल फिरलेली मुळं कापून टाकते आणि कडेची बोटांनी मोकळी करते. बघणारे हळहळतात, "अहो ताई, मरेल ना ते!" मरत नाही. कापल्या जागेपासून नवी मुळं फुटतात आणि ती सरळ बाहेर धावतात. फक्त हे ओल्या हवेत आणि भरभर करायचं, मुळं उन्हात उघडी ठेवायची नाहीत.

याच कारणासाठी मी दहा-बारा फुटी रोपं घेत नाही. झटपट सावली हवी म्हणून लोक ती महागात आणतात. पण उंच रोप लहान पिशवीत वर्षानुवर्षं अडकलेलं असतं. माझा अनुभव असा, की चार-पाच फुटी तरतरीत रोप काही वर्षांत त्याला मागे टाकतं. घेताना बुंध्याशी माती उकरून बघा. तिथंच वेढा दिसला तर रोप परत ठेवा, रोपवाटिकेवाला नाक मुरडेना का.

फुलं बघून झाड निवडणं

आपल्याला सावली हवी मार्च ते मे. मग पहिला प्रश्न असा विचारायचा, की हे झाड एप्रिलमध्ये पानात असतं का? बहावा मला जीव की प्राण, पण ऐन उन्हाळ्यात त्याच्या अंगावर पिवळे झुंबर असतात आणि पानं जवळजवळ नसतात. पळस, पांगारा, काटेसावर यांचंही तेच. ती जरूर लावा, पण बागेत किंवा टेकडीवर. बसथांब्याच्या डोक्यावर नको. कडुनिंब आणि करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतात आणि खरं ऊन सुरू होईस्तोवर नवी पालवी घेऊन तयार होतात. रस्त्यासाठी माझी पहिली निवड हीच दोन. बकुळ हळू वाढतो, पण बारमाही गर्द असतो. मोकळं मैदान असेल तर वड, पिंपळ, उंबर यांना तोड नाही. पंचवटीचं नावच पाच वडांवरून पडलंय. फक्त तीन फुटी फुटपाथवर वड लावून पुढच्या पिढीच्या हातात कुऱ्हाड देऊ नका.

"लवकर वाढणारं सांगा," हा फोन मला दर जूनमध्ये येतो. लवकर वाढतो तो गुलमोहर. त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या आधी त्याच्याच मोडतात. कोनोकार्पसही झपाट्यानं हिरवा पडदा उभा करतो, पण गुजरातनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. बाटलीपाम तर सावलीच्या हिशेबात धरूच नका, त्याच्याखाली एक खुर्चीही मावत नाही. द्राक्षाची काडी लावल्यावर घडासाठी दोन वर्षं थांबायचं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग झाडाच्या बाबतीत एवढी घाई का?

दिशा निवडतानाही अशीच चूक होते. नाशिकला मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा सावली झाडाच्या पायाशीच असते. भिंती तापतात त्या नंतर, पश्चिमेच्या उन्हानं. म्हणून जागा असेल तर घराच्या, शाळेच्या, रिक्षा स्टँडच्या पश्चिमेला लावा. झाडाची दुपारची सावली पूर्वेकडे पडते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक

झाड जगलं, वाढलं, की कुणीतरी "सुशोभीकरण" काढतं आणि बुंध्याला भिडवून ब्लॉक किंवा काँक्रीट येतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. वरून फरशी बसली की दोन्ही बंद होतात. मग शेंड्याकडच्या फांद्या वाळतात आणि आपण म्हणतो, कीड लागली. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मी तेच माप धरते. आमच्या गल्लीत काम निघालं की पहिल्या दिवशीच जाऊन प्रत्येक झाडाभोवती चुन्यानं गोल आखून येते आणि मुकादमाला चहा पाजून सांगते, "दादा, या रेषेच्या आत एकही ब्लॉक नको." काँक्रीट पडल्यावर भांडून उपयोग होत नाही. ते फोडताना मुळं दुखावतात.

बाकीच्या चुका पटापट सांगते. रोप खोल पुरू नका. मूळ आणि खोड मिळतं ती जागा जमिनीच्या पातळीवरच हवी. खोडाला मातीचा ढीग लावू नका, साल कुजते. आपल्याकडे मुरूम कडक लागला तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही उभं दिसलं तर पहारीनं तळ फोडल्याशिवाय रोप लावू नका. विजेच्या तारेखाली उंच झाड नको, तिथं कांचन चालतो. शेंडा मारू नका. आधाराचा बांबू सुतळीनं आवळू नका. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा सैल आठ बांधते आणि वर्षानं सोडते. खोडात खिळे ठोकणाऱ्याला तिथल्या तिथे अडवा.

पहिल्या पावसाळ्यानंतर विसरणं

दिवाळीपर्यंत सगळं हिरवं दिसतं आणि लोक निर्धास्त होतात. रोपं मरतात ती फेब्रुवारीनंतर. मी तीन उन्हाळे पाणी घालते. पहिल्या वर्षी दर चौथ्या दिवशी दोन बादल्या, दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा, तिसऱ्या वर्षी पंधरवड्याला पण भरपूर. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि पुढच्या उन्हात भाजतात. बागेतल्या जुन्या ठिबकच्या नळ्या फार कामाला येतात, फक्त झाड वाढेल तसा ड्रिपर बुंध्यापासून दूर सरकवायचा. आळ्यात चार बोटं पालापाचोळा ठेवायचा, तो जाळणाऱ्याशी मी भांडते.

आणि तो लोखंडी पिंजरा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो काढायचा असतो, हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. मागच्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबाच्या सालीत पिंजऱ्याची वरची कडी बोटभर आत गेलेली सापडली. वेल्डरला बोलावून ती दोन्ही बाजूंनी कापून घेतली. सालीत रुतलेला तुकडा तसाच सोडला, कारण ओढला असता तर साल सोलून निघाली असती. आता लागवडीच्या दिवशीच पिंजऱ्यावर ऑइल पेंटनं लिहून ठेवते: "काढायचा, 2029".