फिर्यादीला उशीर झालाय? अपिलाआधी घड्याळ मांडा

शिक्षा लागली की घरची माणसं निकालपत्राची नक्कल घेऊन कराडला माझ्याकडे येतात. पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: "मॅडम, फिर्याद दुसऱ्या दिवशी दिलीय. एवढ्यावर सुटेल ना?"

एवढ्यावर कोणी सुटत नाही. उशीर का झाला हे सरकार पक्षाला सांगता आलं नाही, आणि त्या मधल्या वेळात हकीकत बदलली असं कागदांवरून दिसलं, तर मात्र खटला डळमळतो. दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून अपिलाचे मुद्दे लिहायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि वेळा मांडा.

सुरुवात एफआयआरच्या छापील नमुन्यापासून करा. लोक थेट मजकूर वाचतात आणि वरचे रकाने सोडून देतात. खरा माल तिथंच असतो. घटनेची वेळ, ठाण्यात खबर मिळाल्याची वेळ आणि स्टेशन डायरीची नोंद एका ठिकाणी असते. ठाण्यापासून घटनास्थळ किती लांब, कोणत्या दिशेला, हेही असतं. आठव्या रकान्यात तक्रार द्यायला उशीर का झाला त्याचं कारण लिहायचं असतं. तो रकाना मला कितीतरी वेळा कोरा दिसलाय, नाहीतर "विलंब नाही" असं ठोकून दिलेलं असतं, मग मध्ये अख्खी रात्र गेलेली का असेना. शेवटी एफआयआर कोर्टाकडे रवाना केल्याची तारीख-वेळ असते. त्या प्रतीवर मॅजिस्ट्रेटची सही आणि वेळ केव्हाची आहे, ते रवानगीच्या वेळेशी ताडून बघा.

मग बाकीचे कागद: दवाखान्यातून चौकीला गेलेली वर्दी (जखमी आल्याची खबर), जखमीच्या तपासणीचे कागद, इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, साक्षीदारांच्या जबाबांच्या तारखा. इन्क्वेस्टच्या मथळ्यात गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं आहेत का, हे जरूर बघा. फिर्याद पंचनाम्याच्या आधीची म्हणून दाखवली आणि पंचनाम्यात तिचा मागमूस नाही, तर फिर्याद मागून लिहून वेळ आधीची टाकली, अशी शंका घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या मेहराज सिंग खटल्यात याच दोन कसोट्या सांगितल्या: मॅजिस्ट्रेटकडे प्रत केव्हा पोहोचली, आणि मृतदेहासोबतच्या कागदांत एफआयआरचा उल्लेख आहे का. इन्क्वेस्टमध्ये आरोपींची नावं नाहीत म्हणून मात्र आरडाओरडा करू नका. तो पंचनामा मृत्यूचं कारण दिसेल तसं नोंदवण्यासाठी असतो.

समजा, पाटण तालुक्यातल्या एका वस्तीवर बांधावरून मारामारी झाली. वेळ रात्री आठ. जखमीला जीपमधून कराडच्या सरकारी दवाखान्यात आणलं. पावणेदहाला वर्दी गेली, पोलिस रात्रीच येऊन गेले. फिर्याद दुसऱ्या दिवशी सव्वाबारा वाजता. आता घरचे म्हणतील, माणूस मरणाच्या दारात होता, आम्ही त्याला बघू की ठाण्यात जाऊ? हे कारण कोर्ट मान्य करतं, आणि करायलाच हवं. घरातलं माणूस गेल्यावर नातलग यंत्रासारखे ठाण्यात धावत नाहीत, हे १९९१ च्या तारा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय. पावसाळ्यात त्या वस्त्यांवरून डांबरी रस्त्याला यायचं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण दवाखान्याच्या नोंदीत "अज्ञात इसमांनी मारहाण" असेल आणि दुपारच्या फिर्यादीत चार चुलत्यांची नावं, प्रत्येकाच्या हातात कोणतं हत्यार याच्यासकट, तर उशिराला दात फुटतात.

थुलिया काली हा १९७२ चा निकाल याच कारणासाठी सगळे दाखवतात. ठाणं दोन मैलांवर, खुनाची खबर वीस तासांनंतर, समाधानकारक खुलासा नाही, आरोपी सुटला. दाखवा, पण नुसतं नाव टाकून भागत नाही. समोरचे सरकारी वकील दोन मिनिटांत उशीर माफ झालेले निकाल काढतील, आणि ते भरपूर आहेत.

मुद्दा लिहिताना "फिर्याद विलंबाने दिल्याने संशयास्पद आहे" एवढंच लिहिणं म्हणजे काही न लिहिणं. असं लिहा (निशाणी म्हणजे खटल्यातल्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर): "निशाणी १८ नुसार वर्दी ९.४५ वाजता. फिर्यादी उलटतपासात कबूल करतो की पोलिस त्याच रात्री दवाखान्यात त्याला भेटले. निशाणी २३ मध्ये हल्लेखोर अज्ञात. निशाणी ३१, फिर्याद, दुसऱ्या दिवशी १२.१५, चार नावे. मधल्या साडेचौदा तासांचा खुलासा फिर्यादी किंवा तपासी अंमलदार देत नाही." न्यायाधीशांना पान उलटून खात्री करता आली पाहिजे.

उलटतपास दोनदा वाचा. उशिराबद्दल फिर्यादीला आणि तपासी अंमलदाराला प्रश्नच विचारला नसेल, तर अपिलात हा मुद्दा अर्धा मेलेला असतो. खुलासा द्यायची संधीच दिली नाही, मग खुलासा नाही असं कसं म्हणता, असा सवाल येतो आणि तो रास्तही आहे. साक्षीदारांचे जबाब उशिरा घेतले असतील तर तेही याच कागदावर मांडा. गणेश भवन पटेल विरुद्ध महाराष्ट्र सरकार या जुन्या मुंबईच्या खटल्यात एफआयआर आणि जबाब या दोन्हींतला उशीर बोलला, आणि सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टाने दिलेली शिक्षा रद्द करून सेशन्स कोर्टाची निर्दोष मुक्तता पुन्हा कायम केली.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात या मुद्द्यावर मदार ठेवू नका. गुरमित सिंग खटल्यात (१९९६) प्रकरण आधी पंचायतीत गेलं म्हणून उशीर झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो खुलासा मानला आणि सुटलेल्यांना शिक्षा दिली. आपल्याकडे गावकी बसवून "मिटवून टाका" म्हणणारे काय कमी आहेत?

तुम्ही पीडिताच्या बाजूचे असाल, आणि उशीर तुमचा नसून ठाण्याचा असेल, तर त्याचा पुरावा त्याच दिवशी तयार करा. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने ठरलेलं आहे. "साहेब बाहेर गेलेत, उद्या या" म्हटलं, तर लेखी अर्ज टपालाने पोलिस अधीक्षकांना सातारला पाठवा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४). तरीही हाललं नाही तर १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे. पोस्टाची पावती जपा, ११२ ला फोन केला असेल तर त्याचा तपशील जपा. उद्या उलटतपासात "एवढे दिवस गप्प का बसलात?" असं विचारलं, तर हीच पावती उत्तर देते. आरोपी सुटला तर पीडितालाही अपील करता येतं, पण दोन शक्यता सारख्याच पटण्याजोग्या असतील तर वरचं कोर्ट सुटका सहसा बदलत नाही.

मुदतीचं बघा. सेशन्स कोर्टाने दिलेल्या शिक्षेवर हायकोर्टात अपील ६० दिवसांत. नकलेला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. सातारा-सांगलीकरांना आता मुंबई गाठायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं. माणूस आत असेल आणि वकिलाला पैसे नसतील तर तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील जातं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज अपिलासोबतच द्या, आणि वेळांचा तो कागद त्याला पहिल्या पानावर जोडा. जामिनाच्या सुनावणीत अख्खं पेपरबुक (खटल्याच्या सगळ्या कागदांचा गठ्ठा) वाचायला कोणाला वेळ नसतो.