दोन पात्रांतलं नातं पटकथेत का उमटत नाही? ड्रामॅटिका वापरताना या चुका टाळा

दोन्ही पात्रं ठसठशीत आहेत, भांडणंही कडाक्याची आहेत, तरी खर्डा वाचणारा विचारतो, "पण या दोघांचं नक्की काय चाललंय?" अशा वेळी बहुतेक लेखक आणखी एक भांडण लिहितात. दुखणं तिथे नसतं.

मेलनी ॲन फिलिप्स आणि ख्रिस हंटली यांच्या ड्रामॅटिका या कथारचनेच्या मांडणीत कथेचे चार धागे असतात: सगळ्यांची कथा, मेन कॅरेक्टरची (ज्याच्या नजरेतून आपण गोष्ट पाहतो), त्याच्यावर प्रभाव टाकणाऱ्या इम्पॅक्ट कॅरेक्टरची आणि या दोघांच्या नात्याची. थोडक्यात ते, मी, तू आणि 'वुई'. इंग्रजीला तिथे एकच शब्द पुरवावा लागतो. मराठीत मात्र ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि वगळून 'आम्ही'. चौथा धागा 'आपण'चा आहे.

नात्याच्या जागी दोघांच्या भावना लिहिणं. सर्वांत जास्त खर्डे इथेच फसतात. समजा, तासगावकडची कर्जात अडकलेली द्राक्षबाग आणि दोन भाऊ. "थोरला चिडलाय, धाकटा दुखावलाय" ही दोन माणसांची खबर झाली. "कर्जाचा विषय निघाला की बोलणं कामापुरतं उरतं" हे नातं. म्हणून नात्याबद्दल एक वाक्य असं लिहा, की त्यात कर्ता दोघांपैकी कुणीच नसेल.

मग दोघांचे सगळे संवाद वेगळे काढा. 'आपण, आपला' एका रंगाने रंगवा, 'मी, तू, आम्ही, तुम्ही' दुसऱ्या. (आदरार्थी 'आपण' सोडून द्या.) पहिल्या अंकात धाकटा म्हणतो, "दादा, आपल्या बागेची छाटणी कधी?" मध्यावर तोच म्हणतो, "तुझी बाग, तू बघ." आवाज न चढताही नातं सरकलं. रंगांचं प्रमाण शेवटपर्यंत तेच राहिलं, तर नातं जागचं हललेलं नाही.

'सख्खे भाऊ' एवढ्यावर थांबणं. ती नुसती पाटी झाली. प्रत्येक धाग्याला चार टप्पे लागतात आणि त्यांच्यामध्ये तीन प्रवास. इथे ते असे: एका ताटात जेवणं, हिशेब विचारणं, फक्त वहीतून बोलणं आणि सातबारा वेगळा झाल्यावरही पाण्याची पाळी मिळून ठरवणं. पहिला आणि चौथा सहज सुचतो. मधले दोन रिकामे राहतात आणि तिथेच पटकथा रेंगाळते.

इम्पॅक्ट कॅरेक्टरला खलनायक करणं. बाग वाचवायला धडपडणारा थोरला प्रोटॅगनिस्ट, लिलाव लावणारा वसुली अधिकारी अँटॅगनिस्ट. पण आपण गोष्ट धाकट्याच्या नजरेतून पाहत असू, तर मेन कॅरेक्टर धाकटा आणि इम्पॅक्ट कॅरेक्टर थोरला. प्रोटॅगनिस्ट आणि मेन कॅरेक्टर एकच असावेत अशी सक्ती नाही. इम्पॅक्टचं कामही अधिकाऱ्याकडेच दिलं, तर एकच कुस्ती दोनदा खेळली जाते.

त्याचीच जुळी चूक शेवटात सापडते: दोघंही बदलतात, गळ्यात पडतात. ड्रामॅटिकात दोघांपैकी एकच आपला दृष्टिकोन बदलतो, दुसरा ठाम राहतो. ठाम राहणाराही वाढतो, पण स्वतःच्याच वाटेवर. दोघंही वळले, तर कोणाच्या रेट्याने कोण वळलं हे कळेनासं होतं.

नात्याचा झगडा मोठ्या कथेच्याच मैदानात ठेवणं. झगड्याची क्षेत्रं चार: परिस्थिती, कृती, पक्कं झालेलं मत आणि विचार करण्याची पद्धत. सगळ्यांची कथा आणि नात्याची कथा समोरासमोरच्या क्षेत्रांत बसतात (परिस्थितीसमोर पक्कं मत, कृतीसमोर विचारपद्धत). बाग वाचवणं ही कृती, म्हणून भावांचा झगडा विचारपद्धतीत हवा: एकमेकांना गृहीत धरणं, वडिलांचं नाव काढून गप्प करणं. फवारणी आणि कोर्टाच्या तारखांवरूनच ते भांडत राहिले, तर प्रसंग दुप्पट आणि ऐवज तेवढाच.

राहता राहिली ड्रामॅटिकातली आठ ठरावीक पात्रं, चार-चारच्या दोन गटांतली. त्यातली साइडकिक (पाठीराखा) आणि स्केप्टिक (शंका घेणारा) ही विरुद्ध जोडी अनेकदा एकमेकांसमोर येतच नाही. एका गटातल्या चार पात्रांत सहा जोड्या होतात. सहाही लिहू नका, पण विरुद्ध जोडीला निदान एक प्रसंग द्या.