उपग्रहावरून स्थितांबरातल्या कणांचा आकार काढताना या चुका टाळा

आलेखाखाली ‘त्रिज्या ०.१४ मायक्रॉन’ एवढंच लिहिलेलं असतं. माध्यक त्रिज्या (निम्मे कण जिच्याहून लहान असतात ती) की प्रभावी (कणांच्या पृष्ठभागानुसार वजन देऊन काढलेली सरासरी), याचा पत्ता नसतो. माध्यक त्रिज्या ०.०८ मायक्रॉन आणि लॉगनॉर्मल वितरणाची (त्रिज्यांचे लॉगरिदम घंटाकृती पसरलेत असं मानणाऱ्या वितरणाची) रुंदी १.६ धरली, तर प्रभावी त्रिज्या ०.१४ येते. रुंदी १.२ धरा, तीच ०.०८७ होते. माध्यक तोच, उत्तर दीडपटीहून वेगळं! उपग्रहाच्या हाती फक्त प्रकाश लागतो. दोन तरंगलांब्यांवरून एकच गुणोत्तर मिळतं आणि अज्ञात मात्र दोन, म्हणजे रुंदी आपण गृहीत धरलेली असते. ती प्रत्येक आकड्याशेजारी लिहा.

तरंगलांब्यांची जोडी निवडताना घाई नडते. प्रत्येक एक्स्टिंक्शनमध्ये (कणांमुळे प्रकाश किती घटतो त्या मापात) १० टक्के स्वतंत्र त्रुटी असेल, तर ५२५ आणि १०२० नॅनोमीटरच्या जोडीत अँगस्ट्रॉम घातांक (तरंगलांबीनुसार एक्स्टिंक्शन किती वेगाने बदलतं ते सांगणारा आकडा, ज्यावरून आकार ताडतात) साधारण ०.२ ने चुकतो. ४४८ आणि ५२० घेतलेत तर जवळजवळ ०.९५ ने, म्हणजे हाती काहीच उरत नाही. शेजारच्या जोड्या घेऊच नका. ६०० च्या आसपास ओझोनचं शोषण असतं, तिथली वजाबाकी चुकली की ती चूक कणांच्या माथी येते.

फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचं उदाहरण कायम लक्षात असू द्या. जून १९९१ च्या उद्रेकानंतर खालच्या थरांत कण इतके दाट झाले की सेज-२ ला (हवेतून आरपार येणारा सूर्यप्रकाश मोजणाऱ्या उपग्रहावरच्या उपकरणाला) त्यांतून सूर्य दिसेना, आणि त्या उंचीवरच्या नोंदी रिकाम्या राहिल्या. उरलेल्या नोंदींची सरसकट सरासरी काढली की फक्त विरळ हवेचंच उत्तर मिळतं आणि उद्रेक आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो. त्यामुळे मी आधी रिकाम्या नोंदींचा नकाशा काढतो, सरासरी नंतर. शिवाय प्रभावी त्रिज्या ०.५ मायक्रॉनच्या घरात गेली की ५२५ आणि १०२० वरच्या एक्स्टिंक्शनचं गुणोत्तर १ कडे सरकतं. तिथे आकारातला फरक कळणं अवघड. नेमकं असंच गुणोत्तर ढगही देतात. म्हणून ‘१ च्या जवळ म्हणजे ढग’ अशी सरसकट चाळणी लावलीत, तर ज्वालामुखीचे मोठे कणही गाळले जातात. तपस्तब्धीची (स्थितांबराच्या खालच्या सीमेची) उंची बघूनच चाळणी लावा; ढग बहुधा तिच्या खालीच असतात.

ओएमपीएससारख्या लिंब (limb) उपकरणात, म्हणजे पृथ्वीच्या कडेवरच्या हवेतून विखुरलेला सूर्यप्रकाश बाजूने बघणाऱ्या उपकरणात, उत्तर गोलार्धात पुढे विखुरलेला प्रकाश दिसतो, तर दक्षिणेत मागे. गृहीत धरलेला आकार चुकला की दोन गोलार्धांत खोटा फरक दिसतो. विखुरणकोन (प्रकाश मूळ दिशेपासून किती वळला तो कोन) तपासल्याशिवाय त्यावर निष्कर्ष काढू नका.

०.१ मायक्रॉनहून लहान कण या तरंगलांब्यांना जेमतेम जाणवतात.

स्थितांबरातले नेहमीचे कण ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लाचे थेंब धरतात; वणव्याचा धूर तसा नसतो, त्याला त्या आम्लाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) लावू नका.