कॅलामाइन लोशन लावताना या चुका टाळा

घामोळे आले, डास चावले किंवा मुलांना कांजिण्या झाल्या की घरातली गुलाबी बाटली बाहेर येते, आणि ते योग्यच आहे. मात्र तेच लोशन चुकीच्या जागी लावले तर खाज शमण्याऐवजी वाढते.

या लोशनमध्ये मुख्यतः झिंक ऑक्साइडची भुकटी असते आणि थोड्याशा फेरिक ऑक्साइडमुळे तिला गुलाबी छटा येते. लोशनमधले पाणी उडून जाताना त्वचेला गारवा मिळतो आणि मागे राहिलेली भुकटी पाझरणारा ओलावा शोषून घेते. ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. त्यामुळे बाटली न हलवता लोशन घेतल्यास सुरुवातीला नुसते पातळ पाणी हाती येते आणि शेवटी दाट गाळ उरतो. दर वेळी बाटली चांगली हलवावी, कापसाच्या बोळ्याने पातळ थर लावावा आणि तो वाळू द्यावा. जुना थर न धुता त्यावर लेप चढवत गेल्यास पापुद्रे धरतात, आणि ते खरवडताना खालचे पुरळ फुटते.

सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक माझ्या मते कोरड्या त्वचेवरची आहे. थंडीत नडग्यांना सुटणारी खाज किंवा जुना, भेगाळलेला इसब यांवर कॅलामाइन लावले की दोन मिनिटे गार वाटते. पण ओलावा शोषण्याचा जो गुण पाझरणाऱ्या पुरळावर उपयोगी पडतो, तोच येथे त्वचा आणखी कोरडी करतो. अशा त्वचेला अंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावणे हिताचे.

खाजेचे कारण न ओळखता दिवसचे दिवस लोशन लावत राहणेही तितकेच घातक आहे. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतले पुरळ आणि घरातल्या इतरांनाही सुटलेली खाज ही खरजेची लक्षणे आहेत, तर नायट्याचा चट्टा कडेने पसरत जातो. कॅलामाइनने खरजेचा किडा मरत नाही आणि नायट्याची बुरशीही जात नाही, म्हणून येथे डॉक्टरांनाच दाखवावे.

आंब्याचा चीक किंवा बिब्ब्याचे तेल लागले असल्यास ती जागा प्रथम साबण व पाण्याने धुवावी, लोशन त्यानंतर. खाजकुयलीची लव लागली असेल तर मुळीच चोळू नये. चिकटपट्टीने ती हलकेच उचलून घ्यावी.

कांजिण्यांत डोळ्यांजवळ, तोंडात, गुप्तांगांच्या आतल्या नाजूक त्वचेवर किंवा उघड्या जखमेवर लोशन लावू नये. काही लोशनांत डायफेनहायड्रामाइन हे ॲलर्जीचे औषधही असते. असे लोशन मुलाच्या अंगभर लावून वर त्याच औषधाचे सिरप दिल्यास मात्रा जास्त होऊन मूल गुंगीत जाऊ शकते किंवा बरळू लागते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. कांजिण्यांच्या तापात मुलांना ॲस्पिरिन तर देऊच नये.

अंगावर पित्त उठून ओठ किंवा जीभ सुजू लागली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर लोशन शोधत बसू नये, तातडीने १०८ वर फोन करावा.

बाटली पोटात घ्यायच्या औषधांशेजारी ठेवू नये, कारण रात्रीच्या अंधारात गुलाबी लोशन आणि गुलाबी सिरप सारखेच दिसते.