कौन्सिलचा फुकट अंक घरोघरी पोहोचवताना: इंग्लंडमध्ये या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पत्रकारिता किंवा मार्केटिंग शिकून इंग्लंडमधल्या एखाद्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, कम्युनिकेशन्स टीममध्ये रुजू झालात, की थोड्याच दिवसांत एक काम अलगद तुमच्या टेबलावर येऊन पडतं: रहिवाशांसाठी कौन्सिल काढते त्या नियतकालिकाच्या फुकट अंकाचं वाटप. लेख लिहायला सगळे पुढे असतात, मुखपृष्ठावरून तर भांडणं होतात, पण वाटपाचं नाव काढलं की जो तो अचानक फोनवर. मी हे काम काही वर्षं केलंय आणि माझ्या मते आपल्या हद्दीची खरी ओळख करून देणारं टीममधलं काम हेच.

आधी तारखा लावून घ्या. कौन्सिलच्या प्रसिद्धीसाठी २०११ची सरकारी आचारसंहिता आहे, ती पहिल्याच आठवड्यात वाचून काढा. फार मोठी नाही. तिच्यानुसार असा अंक तिमाहीहून जास्त वेळा काढायचा नाही. गावपातळीच्या पॅरिश कौन्सिलला तेवढी महिन्याला एकाची सवलत. काही कौन्सिलं दर आठवड्याला वर्तमानपत्रासारखे अंक काढून स्थानिक वृत्तपत्रांच्या जाहिराती पळवतात, अशी ओरड होती, त्यातून हा नियम आला. लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स आणि ग्रिनिच या कौन्सिलांचे साप्ताहिक अंक त्या वादात गाजले होते.

बहुतेक स्थानिक निवडणुका मेच्या पहिल्या गुरुवारी होतात. अधिसूचना मार्चअखेरीच्या सुमारास निघते. तिथून मतदानापर्यंत वादग्रस्त विषयांवर किंवा एखाद्या नगरसेवकाला पुढे करणारी प्रसिद्धी करायची नाही. वाटपालाच दोन-तीन आठवडे लागतात हे धरलं, तर वसंतातला अंक फेब्रुवारीअखेर छापखान्याबाहेर पडायला हवा. नगरसेवकाचा हसरा फोटो एप्रिलमध्ये कुणाच्या दारात पडला, तर ‘आम्ही छापला तेव्हा चालत होतं’ हे कुणी ऐकून घेत नाही. दुसरी न हलणारी तारीख नाताळची. सुट्ट्यांमध्ये कचरा कोणत्या दिवशी उचलणार याचं वेळापत्रक हे हिवाळी अंकातलं सगळ्यांत महत्त्वाचं पान. लोक तेवढं फाडून फ्रिजवर लावतात. ते जानेवारीत पोहोचलं तर बाकी अंक कितीही देखणा असू दे, कॉल सेंटरवाले तुमच्याशी बोलणार नाहीत.

मग वजन. चौरस मीटरला ९० ग्रॅम भरणाऱ्या कागदावरचा २४ पानी ए-फोर अंक साधारण ६७ ग्रॅमचा होतो. हद्दीत एक लाख घरं असतील तर पावणेसात टन माल झाला. तो पॅलेटवर कुठे उतरणार, गोदामात उतरवून घ्यायला कोण असणार, गठ्ठे किती-किती प्रतींचे बांधायचे, हे सगळं छपाईच्या ऑर्डरमध्येच लिहून टाका. गोदाम बंद आहे म्हणून ट्रक परत गेला की त्याचे पैसेही आपल्याच माथी येतात.

वाटपाचे रस्ते मुख्यतः दोन. एक रॉयल मेलची ‘डोअर टू डोअर’ सेवा, ज्यात पोस्टमन रोजच्या टपालाबरोबरच अंक टाकतो. दुसरा, घरोघरी माणसं पाठवणारी खासगी कंपनी. पोस्टमनला गल्लीबोळ पाठ असतात, इमारतींमध्येही त्याला जाता येतं, हा मोठा फायदा. पण ही सेवा पोस्टकोड सेक्टरप्रमाणे विकली जाते आणि सेक्टरची सीमा कौन्सिलच्या सीमेशी जुळत नाही. सेक्टर म्हणजे पोस्टकोडचा पहिला भाग अधिक दुसऱ्या भागातला पहिला आकडा, दोन-तीन हजार पत्ते सहज. हद्दीवरचा सेक्टर घेतला तर शेजारच्या कौन्सिलच्या लोकांना आपल्या कचऱ्याचं वेळापत्रक मिळतं. सोडला तर आपलेच करदाते वंचित राहतात. माझा अनुभव असा, की हद्दीवरचे सेक्टर वेगळे काढून तेवढे खासगी कंपनीला रस्त्यांच्या यादीनुसार द्यावेत. खर्च थोडा वाढतो, पण तक्रारी पुष्कळच कमी होतात.

रस्त्यांची यादी आणि घरांचा आकडा कंपनीकडून घेऊ नका. कौन्सिलची स्वतःची मालमत्ता नोंद असते, तिला एलएलपीजी म्हणतात. तिच्यात प्रत्येक जागेला वेगळा यूपीआरएन क्रमांक असतो. ती सांभाळणाऱ्या माणसाशी मैत्री करा. तो बहुधा नियोजन विभागाच्या एका कोपऱ्यात बसतो आणि त्याला सहसा कुणी काही विचारत नाही. त्याच्याकडून फक्त राहत्या घरांची प्रभागनिहाय यादी घ्या. नव्या वसाहती, कालव्यातल्या बोटींवर राहणारी कुटुंबं, ट्रॅव्हलर या भटक्या समाजाच्या जागा यात सापडतात, कंपनीच्या नकाशात बऱ्याचदा नसतात. नावं मात्र कुणाकडेच मागू नका. अंकावर नाव नसतंच, त्यामुळे कौन्सिल टॅक्सच्या (तिथली घरपट्टी) किंवा मतदारांच्या यादीला हात लावायचं कारण उरत नाही आणि डेटा संरक्षणाची भानगडही टळते.

खरी कसोटी इमारतींची. खाली कुलूपबंद दार आणि इंटरकॉम. काही ठिकाणी टपाल-सामान आणणाऱ्यांना दार उघडून देणारं ‘ट्रेड’ नावाचं बटण असतं, पण ते बहुधा सकाळीच चालतं, आणि वाटपवाला तिथे पोहोचतो दुपारी. कौन्सिलच्या मालकीच्या इमारतींच्या केअरटेकरांना गृहनिर्माण विभागामार्फत आधीच कळवून ठेवलं, की निम्मं काम होतं. खासगी इमारतींच्या व्यवस्थापकांना आठवडाभर आधी ईमेल करा. एकाच दारामागे चार-पाच बिऱ्हाडं असलेल्या घरांना एक प्रत पुरत नाही. त्यांची यादी परवाना विभागाकडे मिळते.

साध्या घरांचेही प्रकार आहेत. काही लेटरबॉक्स दाराच्या अगदी तळाशी, काहींना आतून जाड ब्रश, काहींच्या पलीकडे दबा धरून बसलेला कुत्रा. मुरलेले वाटपवाले बोटं आत घालतच नाहीत, लाकडी उलथन्याने अंक ढकलतात. अर्धवट बाहेर लोंबणारा अंक पावसात भिजतो, आणि घर रिकामं आहे हे चोराला सांगतो. म्हणून ‘पूर्ण आत’ हे शब्द कंत्राटात हवेतच. ‘नो जंक मेल’ची पाटी असली तर टाकायचा की नाही, तेही आधीच ठरवून लिहून द्या. आमच्याकडे यावरून दरवर्षी तीच चर्चा नव्याने व्हायची. रॉयल मेलकडे बिनपत्त्याचं टपाल नको असं कळवलेल्या घरी पोस्टमन आपला अंकही टाकत नाही, हेही तक्रार घेणाऱ्यांना माहीत असू द्या.

खासगी कंपनी जीपीएसचे नकाशे पाठवते. रंगीत असतात, साहेबांना आवडतात. माणूस त्या रस्त्यावरून चालला एवढंच त्यातून कळतं, अंक दारात पडला का ते कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक प्रभागात राहणारे चार-पाच सहकारी शोधा आणि वाटपाच्या आठवड्यात त्यांना विचारत राहा. ग्रंथपाल आणि केअरटेकर ही सगळ्यांत भरवशाची माणसं.

ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही त्यांची वेगळी यादी ठेवा. २०१०च्या समानता कायद्यानुसार ही सोय करणं कौन्सिलचं कामच आहे. मोठ्या अक्षरांची प्रत किमान १६ पॉइंटमध्ये काढा. बऱ्याच गावांत अंध वाचकांसाठी बातम्या ध्वनिमुद्रित करणारे स्वयंसेवी गट असतात, ते अंकही आनंदाने वाचून देतात. अशी सामग्री अंध व्यक्तींना टपालाने मोफत जाते.

माहितीच्या अधिकारात एका प्रतीचा खर्च कुणी ना कुणी विचारणारच. उत्तराला कामाचे २० दिवस मिळतात. छपाई, वाटप आणि जाहिरातींचं उत्पन्न एका कागदावर तयार असलं तर वीस मिनिटंही लागत नाहीत.

‘अंक मिळाला नाही’ हे फोन पोस्टकोडसह नोंदवा आणि नकाशावर टाका. एखाददुसरा ठिपका असेल तर प्रत टपालाने पाठवून मोकळे व्हा. एकाच गल्लीत पाच ठिपके दिसले तर कंपनीला ती गल्ली पुन्हा करायला लावा, आणि ते होईपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता अडवून ठेवा. हप्त्याची ही अट मात्र कंत्राटावर सही होण्याआधीच घालून घ्यावी लागते.