पहिल्या बाइकचे टायर बदलताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या बाइकचा मागचा टायर झिजला तेव्हा मी कंपनीच्या मापापेक्षा दोन माप रुंद टायर टाकून घेतला. बाइक भरदार दिसायला लागली. सरळ रस्त्यावर काहीच जाणवलं नाही. वळणावर मात्र ती आधी झुकायलाच तयार होईना, आणि झुकली की एकदम आत पडल्यासारखी व्हायची. महिनाभर मी समजत होतो की मलाच वळण घेता येत नाही. शेवटी मूळ मापाचा टायर परत टाकला आणि त्याच वळणावरून बाइक निमूट गेली.

नवीन चालवणाऱ्याच्या बाबतीत टायरची चूक जास्त महागात पडते ती यामुळे. दहा वर्षं चालवलेल्या माणसाला बाइक वेगळी वागतेय हे पाच मिनिटांत कळतं. नवखा माणूस दोष स्वतःच्या हाताला लावतो, घाबरतो, हँडल घट्ट धरतो आणि त्यामुळे आणखी वाईट चालवतो. म्हणून पहिल्या बाइकला पहिल्या बदलीच्या वेळी कंपनीने ठरवलेलं माप आणि कंपनीने ठरवलेला प्रकार, एवढंच टाकावं असं माझं ठाम मत आहे. प्रयोग नंतर करता येतात.

रुंद टायरने ग्रिप वाढते असं समजणं

रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, हे ऐकायला पटतं. पण टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः बाइकचं वजन आणि टायरमधली हवा यांवर ठरतं. रुंदी वाढवली तर टेकणाऱ्या भागाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसं वाढत नाही.

खरी अडचण रिमची असते. प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमसाठी बनवलेला असतो. लहान बाइकच्या मागच्या रिमची रुंदी बऱ्याचदा २.१५ इंच, म्हणजे साधारण ५५ मिलिमीटर असते. त्यावर १३० मिलिमीटरचा टायर चढवला तर त्याच्या दोन्ही कडा आत खेचल्या जातात आणि मधला भाग उंचवट्यासारखा वर येतो. सरळ चालताना तो मधल्या बारीक पट्ट्यावर चालतो, वळणात अचानक बाजूवर पडतो. माझ्या बाइकचं नेमकं हेच झालं होतं. शिवाय टायर जितका रुंद, तितकं त्याच वेगाने तेच वळण घ्यायला बाइकला जास्त झुकावं लागतं. चेनला, चेन कव्हरला किंवा मडगार्डला टायर घासण्याचा धोका वेगळाच. दुकानात बाइक उभी असताना बोटभर जागा दिसते, मागे माणूस बसून खड्ड्यात चाक गेलं की ती उरत नाही.

माप जुन्या टायरवरून उतरवून घेणं

पहिली बाइक बऱ्याचदा वापरलेली घेतलेली असते. तिच्यावर आज जो टायर आहे तो आधीच्या मालकाने हौसेने टाकलेला असू शकतो. माप बाइकच्या पुस्तिकेतून घ्या. बऱ्याच बाइकच्या चेन कव्हरवर किंवा मागच्या स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकरही असतो, त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब दोन्ही लिहिलेलं असतं.

समजा तिथे १००/९०-१७ ५५पी असं लिहिलंय. १०० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के, इथे ९० मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. मधल्या आडव्या रेषेचा अर्थ टायर बायस बांधणीचा आहे, म्हणजे आतले धागे एकमेकांवर तिरके जातात. तिथे आर असेल तर रेडियल, म्हणजे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. ५५ हा वजनाचा आकडा आहे, तो थेट किलो नव्हे. ५५ म्हणजे तो टायर २१८ किलोपर्यंत भार घेऊ शकतो. पी हे वेगाचं अक्षर, म्हणजे ताशी १५० किलोमीटर. वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर कंपनीने सांगितल्यापेक्षा वरचं चालतं, खालचं कधीच घेऊ नका. मागे नेहमी कुणी बसत असेल तर वजनाच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्या.

रुंदीच्या आकड्याकडे बघून मधला आकडा विसरणं ही फार सहज होणारी चूक आहे. १००/९०-१७ टायरचा व्यास साधारण ६१२ मिलिमीटर येतो, १२०/८०-१७ चा ६२४. फरक दोन टक्क्यांचा वाटतो, पण मागची बाजू थोडी उचलली जाते, पुढचं चाक धरणारा काटा किंचित उभा होतो आणि हँडलचा स्वभाव बदलतो. ज्या बाइकला एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे तिथे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या फिरण्याची तुलना चालू असते, तेही गणित हलतं.

स्पोकच्या चाकावर ट्यूबलेस

नेहमीच्या स्पोकच्या रिममध्ये आऱ्यांच्या भोकांतून हवा निघून जाते, त्यामुळे तिथे ट्यूब लागतेच. अलॉय व्हील असेल तरी ते ट्यूबलेससाठी बनवलंय का ते रिमवर वाचा. ट्यूब वापरत असाल तर टायरसोबत ट्यूबही नवी घ्या. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्याच घडीवर ती फाटते. ट्यूबलेसमध्ये हाच नियम व्हॉल्व्हला लावा.

नवा म्हणजे ताजा असं धरून चालणं

न वापरलेला टायरही जुना होतो, रबर कडक होतं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर बसवायच्या आधी हे आकडे स्वतः वाचा, बसवल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी दोन वर्षांपेक्षा जुना टायर नवा म्हणून घेत नाही. टायर बनवणाऱ्या कंपन्या साधारणपणे पाच वर्षं वापरात झाल्यावर दरवर्षी तपासणी करायला सांगतात आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी बदलायला सांगतात.

वापरलेला टायर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. आतली पंक्चर, वाकलेली कड, उन्हात गेलेली वर्षं यांतलं काही बाहेरून दिसत नाही. मोटारसायकल दोनच टायरवर उभी असते.

दिसायला दमदार नक्षी

मोठ्या ठोकळ्यांचे टायर मातीत उत्तम. डांबरी रस्त्यावर मात्र ठोकळ्यांमधली जागा रिकामी जाते, ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर जास्त लागतं आणि वळणात ठोकळे वाकल्यासारखे वाटतात. रोजचा रस्ता डांबरी असेल तर रस्त्याचाच टायर घ्या. फार मऊ रबराचा टायरही पहिल्या बाइकला नको, तो झपाट्याने झिजतो आणि त्याचा फायदा नवख्या हाताला मिळत नाही.

पुढचा आणि मागचा टायर एकाच वेळी बदललाच पाहिजे असं नाही, मागचा आधी झिजतोच. पण एक रेडियल आणि एक बायस अशी जोडी कंपनीने स्वतः दिली नसेल तर लावू नका. झिजलेला पुढचा टायर मागे टाकून काम भागवणं तर अजिबात नको. ब्रेक लावताना बराचसा भार पुढे येतो, पुढचा टायर चांगला असणं तुम्हाला सगळ्यात जास्त वाचवतं.

नवा टायर टाकला आणि बाइक विचित्र चालतेय?

आधी हवा बघा. बाजूच्या भिंतीवर लिहिलेला दाब हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तुमच्या बाइकचा दाब पुस्तिकेत किंवा स्टिकरवर असतो. टायर थंड असतानाच मोजा.

ठरावीक वेगाला हँडल थरथरत असेल तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) झालंय का विचारा. चाक उचलून हाताने फिरवा आणि रिमच्या कडेजवळची बारीक गोल रेषा बघा. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा काढून परत बसवावा लागेल. बाइक एका बाजूला ओढत असेल तर मागचं चाक तिरकं आवळलं गेलंय का पाहा, चाकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या चेन ताणायच्या खुणा सारख्या हव्यात. फिरण्याच्या दिशेचा बाणही तपासा. उलटा बसलेला टायर मी दोनदा पाहिला आहे.

एक गोष्ट दुकानातून निघण्याआधीच करा. चाक काढताना डिस्क ब्रेकचे पॅड मागे सरकतात, आणि पहिल्यांदा लिव्हर दाबल्यावर तो रिकामा जातो. बाइकवर बसण्याआधी पुढचा आणि मागचा ब्रेक कडक लागेपर्यंत दाबून घ्या. ते न करता रस्त्यावर आलात तर पहिलाच ब्रेक लागणार नाही.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक नको, ओल्या रस्त्यावर घाई नको, झुकणं थोडं थोडं वाढवत न्या म्हणजे कडेचं रबरही घासलं जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाइक चालू करण्याआधी, हवा एकदा परत मोजा. दाब उतरला असेल तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथून हवा जातेय.