गेमिंग पीसीसाठी एसएमपीएस आणि कूलर कसा निवडायचा (आपल्याकडच्या करंटचा भरवसा नसताना)

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं ते तुमचं ठरलंय असं धरून चालतो, ठरलं नसेल तर आधी ते ठरवा, पुढचा सगळा हिशोब त्यावरच आहे. मी बेळगावच्या वडगावात राहतो, माझे स्वतःचे, मावसभावांचे आणि त्यांच्या दोस्तांचे धरून पंधरा-वीस पीसी जोडलेत. दर वेळी तेच बघतो. पोरं ग्राफिक्स कार्डासाठी सहा-सहा महिने पैसे साठवतात आणि एसएमपीएस, म्हणजे अख्ख्या पीसीला करंट पुरवणारा डबा, मात्र दुकानदार हातात ठेवील तो.

कूलरचं, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भागाचं, पटकन आवरतो. कोअर आय-फाईव्ह १२४००एफ नाहीतर रायझन ५ ७६०० असल्या ६५ वॉटच्या प्रोसेसरला दोन हजारांच्या आसपासचा, १२० मिमी फॅनवाला टॉवर कूलर पुरतो, विषय संपला. वॉटर कूलिंगचा विचार आय-सेव्हन १४७००के सारखा २५३ वॉटपर्यंत खाणारा प्रोसेसर असेल तरच करा, तेही पैसे उरले तर. टॉवरचा फॅन गेला तर पाचशे रुपयांत दुसरा येतो, वॉटर कूलरचा पंप गेला की अख्खा कूलर भंगारात. कूलरची उंची आणि कॅबिनेटमध्ये बसणारी उंची जुळवून बघा. बसवताना तळाचं प्लास्टिक काढा. हसू नका, 'लई गरम होतंय' म्हणून माझ्याकडं आलेल्या दोन पीसींत ते तसंच होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा, फॅनचा कूलर असो नाहीतर पाण्याचा, खोलीपेक्षा थंड काही करत नाही. एसीत बसून टेस्ट करणाऱ्याला ७० डिग्री दिसतात, तिथं एप्रिलात पत्र्याच्या माडीवर तुम्हाला ८० दिसणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढं काच असलेलं कॅबिनेट घेऊ नका, जाळीचं घ्या, पुढून दोन फॅन आत आणि मागून एक बाहेर, म्हणजे हवा फिल्टरमधूनच आत येते. आमच्या गल्लीत माग आहेत, महिन्याभरात जाळीवर तंतूंचा असा थर बसतो की नखानं एक कोपरा उचलला तर अख्खा पापुद्रा निघतो, गोधडीच्या अस्तरासारखा. खानापूरकडं लाल माती, निपाणीत वखारीजवळ घर असेल तर तंबाखूची धूळ. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवा, फॅन गरागरा फिरू देऊ नका.

आता एसएमपीएस. इथं मी स्वतः चार महिने घातलेत.

२०२० मध्ये पहिला पीसी जोडला, रायझन ५ ३६०० आणि जीटीएक्स १६६० सुपर. एसएमपीएसच्या खोक्यावर ठळक ५०० वॉट. दुकानदाराला विचारलं पुरेल काय, तर म्हणाला, "काय होत नाही वो, बिनधास्त घ्या." सिनेमा बघा, ऑफिसचं काम करा, एकदम मस्त चालायचा. गेम लावला की वीस मिनिटांत कुणी प्लग उपटल्यासारखा बंद, निळी स्क्रीन नाही, एरर नाही, परत आपोआप सुरू. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी कर्नल-पॉवर ४१, म्हणजे पीसी नीट बंद न होता अचानक गेला एवढंच. रॅम बदलली, विंडोज दोनदा टाकलं, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट तीनदा लावली, स्कूटीवर पायात कॅबिनेट धरून दुकानात नेला, तिथं डेस्कटॉपवर तासभर ठेवून "चालतंय की" म्हणून परत दिला. गेम लावून बघायला हवा होता हे त्यालाही सुचलं नाही आणि मलाही.

शेवटी एसएमपीएस बाहेर काढून बाजूचं लेबल वाचलं. १२ व्होल्टच्या खाली लिहिलेलं १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही खातात ते या १२ व्होल्टच्या लाईनवरूनच, बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून ५०० चा आकडा गाठलेला. माझा प्रोसेसर ८८ पर्यंत जाणारा, कार्ड १२५, बेरीज २१३, वर फॅन आणि डिस्क. बसा बोंबलत!

म्हणून पहिला नियम, खोक्यावरचा आकडा वाचायचाच नाही. लेबलचा फोटो मागायचा, १२ व्होल्टचे अँपिअर बघायचे आणि १२ नं गुणायचं. चांगल्या ५५० वॉटवाल्यावर ४५ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॉट. ७५० वाल्यावर ६२ च्या आसपास. लेबलचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करील त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरा हिशोब असा. प्रोसेसरचा जास्तीत जास्त आकडा घ्या, १२४००एफ ६५ चा म्हणतात पण ११७ पर्यंत जातो. त्यात कार्डाचे मिळवा, आरटीएक्स ४०६० चे ११५. बाकी सगळ्याचे ५० धरा. झाले २८२. याच्या दीडपट ते दुप्पट घ्या, म्हणजे ५५०. कार्ड क्षणभरासाठी स्वतःच्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं, ती उडी सोसायला ही जागा लागते, मोठं कार्ड असेल तर एटीएक्स ३.० किंवा त्यापुढचं (असल्या उड्या धरून बनवलेलं) लिहिलेलाच घ्या. आणि "जास्त वॉटचा घेतला तर बिल जास्त येतं" हे डोक्यातून काढा, पीसी लागेल तेवढंच ओढतो.

ब्राँझ, गोल्ड हे स्टिकर वीज किती वाया जाते तेवढं सांगतात, आतला माल किती टिकाऊ ते नाही. त्यापेक्षा वॉरंटी बघा, पाच वर्षांच्या खाली नको, आणि ४० का ५० डिग्रीच्या गरमीत पूर्ण वॉट देतो ते बघा. मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) घेतला तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका, प्लग बरोबर बसतो पण आतल्या पिना वेगळ्या असू शकतात, या नादात माझी एक हार्डडिस्क गेली.

आता आपल्याकडचं खरं दुखणं. पावसाळ्यात दिवसातून चारदा करंट जाणार, म्हणून पोरं ६०० व्हीएचा यूपीएस आणतात. तो ३६० वॉटचा असतो, आणि स्वस्तातला असेल तर करंट गेल्यावर भिंतीतल्या करंटसारखी गुळगुळीत लाट (साइन वेव्ह) न देता पायऱ्या-पायऱ्यांची देतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (करंट नीट ओढणारं सर्किट) असतं, त्यातल्या काहींना गेम चालू असताना ती वेव्ह पचत नाही, यूपीएस पिंपिं करतो आणि पीसी तरी बंद. मग शिव्या एसएमपीएसला. प्युअर साइन वेव्हचा घ्या. घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्यावरचं बटण बघा, बऱ्याच जणांकडं ते नॉर्मल किंवा इको मोडवर असतं, यूपीएस मोडवर करा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. इन्व्हर्टर किती वॉटचा आहे तेवढं मात्र बघून घ्या.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पीसी बिघडलेला नाही, घराला अर्थिंग नाही. जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. वायरमनला मीटर लावायला सांगा, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या वर नको. हे झाल्याशिवाय नवा पीसी त्या सॉकेटला लावू नका.

सगळं जोडून झालं की अर्धा तास जड गेम लावा, घरात कुणाला तरी पाण्याची मोटर चालू करायला सांगा आणि मोटर चालू असतानाच यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. गेम तसाच चालू राहिला तर जिंकलात, बंद पडला तर बदलून द्यायची मुदत संपायच्या आत परत न्या, आणि तोवर खोकं रद्दीवाल्याला घालू नका.